न्यायाधीशाच्या दारातील विधवा

आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, गोव्याची हद्द जिथे सुरू होते त्या रानातील गावांत 'गाऱ्हाणे' हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. वाटेची, पाण्याची, बांधाची तक्रार घेऊन माणूस कचेरीत जातो, तेव्हा तो गाऱ्हाणे सांगतो. आणि ठरल्या दिवशी नारळ पुढे ठेवून गावचा मानकरी ग्रामदैवतासमोर उभा राहतो व साऱ्या गावाच्या वतीने बोलू लागतो, तेव्हा तो गाऱ्हाणे घालतो. क्रियापद तेवढे बदलते, नाम तेच. पुण्याकडच्या शिष्ट मराठीत यांतला दुसरा अर्थ मागे पडला असला, तरी कोकणात, गोव्यात आणि आमच्या या सीमाभागात तो जिवंत आहे, आणि मराठीच्या अध्यापनात हयात घालविलेल्या आम्हांला त्याचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे. फिर्याद आणि प्रार्थना या दोहोंना एकच शब्द वापरणाऱ्या लोकांच्या मनात देवाविषयी कोणती कल्पना असेल? देव हा केवळ स्तुतीचा धनी नसून त्याच्याकडे दाद मागता येते, प्रसंगी त्याला जाबही विचारता येतो, अशीच ना?

ख्रिस्ती धर्मात प्रार्थनेतील चिकाटीला फार मोठे स्थान आहे. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले तेव्हा आम्हांला आधी हा शब्द आठवला. आम्ही स्वतः वारकरी घरातले. पण या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांची मुले आमच्या वर्गांत शिकून मोठी झाली, आणि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तर फादर स्टीफन्सपासून रेव्हरंड टिळकांपर्यंतचा प्रवाह वगळून पुढे जाताच येत नाही. तेव्हा विषय आम्हांला परका नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशू ख्रिस्ताने सांगितलेला एक लहानसा दृष्टान्त आहे. एका नगरात एक न्यायाधीश असतो. त्याला देवाचे भय नाही आणि माणसांची भीड नाही. त्याच नगरात एक विधवा राहते. तिच्यावर कोणीतरी अन्याय केला आहे. कोणता, ते सांगितलेले नाही. ती न्यायाधीशाकडे येते, परत पाठविली जाते, पुन्हा येते. तिच्यापाशी लाच द्यायला पैसा नाही, शब्द टाकणारा कोणी भाऊबंद नाही. आहेत ते फक्त पाय. अखेरीस न्यायाधीश स्वतःशी म्हणतो की, न्यायाची चाड आपल्याला नाही, पण ही बाई रोज येऊन जीव नकोसा करते, तेव्हा हिचे काम एकदाचे करून टाकावे. आमच्या बोलीत सांगायचे तर तिच्या हेलपाट्यांपुढे तो हात टेकतो. येथे मूळ ग्रीकात जे क्रियापद आहे ते मुष्टियुद्धातले असून डोळ्याखाली ठोसा लगावणे असा त्याचा शब्दशः अर्थ होतो, असे त्या भाषेचे जाणकार सांगतात. निराधार विधवा आणि तिचा ठोसा! दृष्टान्त सांगणाऱ्याच्या ओठांवर त्या वेळी किंचित हसू असावे असे आम्हांला वाटते.

पण मग देव त्या उर्मट न्यायाधीशासारखा आहे की काय? पुष्कळ वाचक येथे अडखळतात. आपल्या शास्त्रकारांनी ज्याला कैमुतिक न्याय म्हटले आहे, त्या पद्धतीने हा दृष्टान्त वाचला पाहिजे. असला निगरगट्ट माणूसही जर चिकाटीपुढे नमतो, तर जो मुळातच दयाळू आहे त्याच्याविषयी काय सांगावे? त्याच शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातील मध्यरात्रीच्या मित्राची गोष्ट याच जातीची आहे. घरी अवेळी पाहुणा आला, टोपलीत भाकर नाही, म्हणून एकजण शेजाऱ्याचे दार ठोठावतो. शेजारी आतून ओरडतो की दार लावले आहे, पोरे झोपली आहेत. हा ठोठावतच राहतो आणि शेवटी भाकरी घेऊन जातो. खेड्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मात्र तीतली एक बाब सहसा कोणी बोलून दाखवीत नाही, ती अशी की त्या माणसाला स्वतःला भूक लागलेली नव्हती. तो दुसऱ्यासाठी मागत होता.

याच येशूने मत्तयकृत शुभवर्तमानात, पुष्कळ बोलल्याने देव ऐकेल असे समजून शब्दांची पोपटपंची करू नका, असेही बजावले आहे. वरवर पाहता दोन उपदेशांत विरोध दिसतो, पण थोडा विचार केला की तो मावळतो. त्या विधवेचे मागणे एका वाक्याचे आहे. ती पल्लेदार बोलत नाही, नवस सांगत नाही, न्यायाधीशाची स्तुतिस्तोत्रे गात नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभी असते. चिकाटी तिच्या जिभेत नसून पायांत आहे. पेशवाईत सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसत असे. देवाच्या दारी असे धरणे धरण्याची कल्पना मराठी मनाला नवी नाही. नामदेवाने नैवेद्यासाठी धरलेला हट्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तुकोबांचे विठ्ठलाशी झालेले भांडण ज्याने वाचले आहे त्याला ती विधवा ओळखीचीच वाटेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो असे सांगितले, त्यात नुसता अलंकार नव्हता.

आमच्या भागापुरते सांगायचे तर ख्रिस्ती प्रार्थना येथे दोन वाटांनी आली. एक घाटाखालून, गोव्याकडून. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१६ साली राशोल येथे त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, तेही मराठी ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही या ग्रंथाची हस्तलिखिते राहिली आणि १९०७ मध्ये मंगळूरहून तो पुन्हा छापून निघाला. लोकांनी आपल्या भाषेत देवाशी बोलणे सोडले नाही, हीसुद्धा एक चिकाटीच. सीमाभागातील वाचकाला तिचे मोल निराळे सांगावयास नको. दुसरी वाट बेळगावातून आली. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर तेथे आले आणि पुढे १९०४ च्या सुमारास ते कार्य मेथडिस्टांकडे गेले. संध्याकाळी आमच्या तालुक्यातल्या काही वाड्यांतून कोकणीतला 'तेर्स', म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ऐकू येते, तर कोठे मराठी भजन चाललेले असते. असो. या इतिहासात फार शिरत नाही, कारण आम्हांला ज्या व्यक्तीविषयी लिहावयाचे आहे तिचे कार्यक्षेत्र केडगाव हे होते, जरी तिचा जन्म आजच्या कर्नाटकातला.

ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना विद्वानांपुढे जाब द्यावा लागला होता; त्याच आईकडून रमाबाई संस्कृत शिकल्या. पुढे हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडले. जवळचा पैसा दानधर्मात संपला, आणि मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा उपास, जप, अनुष्ठाने, देवदर्शने यांत खंड न पडताही पोटात अन्न जाईना. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. आम्ही ही हकीकत मुद्दाम सांगत आहोत. प्रार्थनेतील चिकाटीविषयी बोलणारी पुष्कळ माणसे अशी असतात की ज्यांना देवाने फारसे ताटकळत ठेवलेले नसते. रमाबाईंची गोष्ट तशी नव्हे. चिकाटीने केलेली आराधना डोळ्यांदेखत निष्फळ ठरलेली त्यांनी पाहिली होती, आणि त्यानंतरही त्या प्रार्थनेकडे वळल्या.

मधली कथा सुपरिचित आहे. १८७८ मध्ये भावासह कलकत्त्यास आगमन, तेथील पंडितांनी केलेला गौरव, भावाचा मृत्यू, १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत. म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत त्या स्वतः दृष्टान्तातल्या विधवेच्या जागी उभ्या राहिल्या. त्याच वर्षी पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका, स्त्री तपासनीस आणि स्त्री डॉक्टर यांची मागणी केली. सरकारच्या दारात घातलेले हे गाऱ्हाणेच नव्हे काय? त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

पुण्यात जे वादळ उठले त्याचे निमित्त प्रार्थनाच होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. सदनातील काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. मुलींना धर्मांतराकडे ओढले जात आहे असा आरोप झाला, 'केसरी'ने झोड उठविली, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी हितचिंतक मंडळीही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. धर्मनिरपेक्ष संस्था म्हणून मुली पाठविणाऱ्या पालकांचा रोष आम्हांला अगदीच अनाठायी वाटत नाही. शाळा चालविणाऱ्यास पालकाच्या विश्वासाचे मोल ठाऊक असते. उलट, आपल्याच खोलीत आपल्या देवाचे नाव घेताना कडी लावून बसावे, असे एखाद्या बाईला सांगण्याचा अधिकार कोणास आहे? रमाबाईंनी दार लावले नाही.

यानंतरचा प्रसंग त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तिकेत स्वतःच सांगितला आहे. लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनामेळावा भरला होता. सदनातील पंधरा मुली तोवर ख्रिस्तानुयायी झाल्या होत्या. पहाटे रानात एकट्या बसून रमाबाईंनी देवाकडे मागितले की या पंधरांचा वर्ग कर, म्हणजे दोनशे पंचवीस दे. मागताना त्यांच्याच मनाने त्यांना हटकले. सदनात जागा साठ-पासष्ट जणींची. दोनशे पंचवीस ठेवणार कोठे? तरी त्यांनी मागणे मागे घेतले नाही. हा हिशेबी भाबडेपणा वाचून प्रथम हसू येते. मग पुढची हकीकत वाचली की हसू ओसरते. १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंना आपले बाळपण आठवले. मध्यप्रांतात स्वतः जाऊन त्यांनी तीनशेच्या आसपास निराधार मुली-बाया आणल्या आणि केडगावच्या उघड्या माळावर त्यांच्यासाठी निवारा उभारला. तेच पुढे 'मुक्ती' झाले. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तेथील संख्या दीड हजारांच्या आसपास गेली.

विचारी वाचकाच्या मनात येथे शंका आल्यावाचून राहणार नाही. पंधरांचे दोनशे पंचवीस व्हावेत म्हणून देवाने दुष्काळ धाडला काय? हजारो माणसे तडफडून मेली, ती कोणाच्या प्रार्थनेचे उत्तर म्हणून? आम्हांला या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोठेही मिळालेले नाही, आणि ते घाईने देणाऱ्या प्रवचनकारांवर आमचा विश्वास नाही. एवढे मात्र दिसते की, दुष्काळ पडला तेव्हा बहुतेक माणसे दारे लावून बसली आणि एक बाई बैलगाडी घेऊन बाहेर पडली. पहाटेच्या त्या मागण्याने दुष्काळ आणला असेल असे आम्ही मानीत नाही. त्या मागण्याने मागणाऱ्या बाईला जागे ठेवले होते, हे मानावयास आम्हांला कोणतीच अडचण पडत नाही. मध्यरात्रीच्या त्या मित्राप्रमाणे त्याही दुसऱ्यांच्या भुकेसाठी दार ठोठावीत होत्या.

ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचा रमाबाईंच्या मनावर मोठा ठसा होता. म्यूलर यांनी अनाथाश्रम चालविले; ॲशली डाउनवरील त्यांच्या इमारतींत एका वेळी दोन हजार मुलांची सोय होती; आणि त्यांचा नेम असा की पैशासाठी माणसापुढे हात पसरावयाचा नाही, देवाला सांगावयाचे. १८९८ नंतर अमेरिकेतील मंडळाचे ठरीव साहाय्य संपले, तेव्हा रमाबाईंनीही पुष्कळ अंशी तीच वाट धरली. परंतु 'मुक्ती' नुसती हात जोडून बसली नव्हती. तेथे शेती होती, विहिरी खणल्या जात, माग चालत, दुभती जनावरे होती, छापखाना होता, अंध मुलींना ब्रेल शिकविले जाई. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी मुलींना हाक दिली. सुरुवातीस सत्तरएक जणी पुढे आल्या. काही महिन्यांत हा आकडा साडेपाचशेवर गेला आणि दिवसातून दोनदा त्या जमू लागल्या. वेल्समध्ये १९०४ मध्ये झालेल्या धार्मिक जागृतीच्या वार्ता तोवर इकडे आल्या होत्या. जूनच्या अखेरीस 'मुक्ती'त असा काही भावावेग उसळला की शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, ज्याची त्याची प्रार्थना ज्याच्या त्याच्या शब्दांत. शांतपणे एकामागून एक प्रार्थना ऐकण्याची सवय असलेल्या युरोपीय मंडळींना हा गोंधळ खटकला. रमाबाई स्वतः शिस्तीच्या. पण त्यांनी तो दडपला नाही. या देशातील बायकांनी आपल्या रीतीने देवाला का आळवू नये, असा त्यांचा पक्ष होता. ज्याने पंढरीच्या वाळवंटात हजारो कंठांतून एकाच वेळी उठणारा गजर ऐकला आहे, त्याला रमाबाईंचे म्हणणे पटावयास वेळ लागणार नाही.

एवढे थोर उदाहरण दिल्यावर आमच्या गावातील एका साध्या बाईचा उल्लेख करणे कोणास विजोड वाटेल, पण तो केल्यावाचून राहवत नाही. आमच्या एका शाळेत दुपारच्या आहाराचा स्वयंपाक करावयास एक कॅथोलिक बाई येत असे. नवरा वारलेला, मुलगा कामासाठी म्हणून गेलेला आणि मग पत्ताच नाही. विधवा वेतनाचा अर्ज आम्हीच तिला लिहून दिला होता. त्या अर्जासाठी तिने एका कचेरीत किती हेलपाटे घातले याची गणती नाही. आज साहेब नाहीत, उद्या दाखला अपुरा, परवा आणखी काही. आणि घरी संध्याकाळी मुलासाठी तेर्स, शुक्रवारी उपास. एकदा आम्ही सहज विचारले, "रोज तेच मागून कंटाळा येत नाही का?" ती म्हणाली, "गुरुजी, कचेरीत अर्ज दिला की पोच मिळते. देवाकडे पोच मिळत नाही. म्हणून रोज द्यावा लागतो." वेतन अडीच वर्षांनी सुरू झाले. मुलगा आजतागायत आलेला नाही. मात्र त्याच्या वयाची जी पोरे आमच्या शाळेत परगावाहून येऊन एकटी राहत, त्यांच्या ताटात ही बाई जरा जास्तच वाढते हे आमच्या पाहण्यात आले होते. आम्ही त्याबद्दल तिला कधी विचारले नाही.

न मिळालेल्या उत्तराविषयी ख्रिस्ती ग्रंथ मौन पाळीत नाहीत, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते. गेथशेमानेच्या बागेत खुद्द येशूने आपल्यापुढील दुःखाचा प्याला दूर व्हावा म्हणून तीनदा विनविले, आणि प्याला दूर झाला नाही. पौलाने आपल्या देहातील कसल्याशा व्यथेसाठी तीनदाच प्रार्थना केली. व्यथा राहिली, सहन करण्याचे बळ मिळाले. उलट संत ऑगस्टीनची आई मोनिका हिने भरकटलेल्या मुलासाठी कित्येक वर्षे अश्रू ढाळले, तो ३८७ मध्ये मिलान येथे बाप्तिस्मा घेताना तिने पाहिला, आणि त्याच वर्षी ती वारली. कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही. यामागे काही नियम आहे असे आम्हांला तरी दिसलेले नाही.

चिकाटी ही देवाशी असावी, माणसाच्या मागे लागून त्याला छळू नये, हे टिळकांच्या घरात फार सुंदर दिसते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांकडे राहिल्या. सुमारे पाच वर्षे संसार दुभंगलेला. एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सांभाळले, आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. १९०० च्या सुमारास लक्ष्मीबाईंचे मन वळले ते त्यांच्याच विचाराने, आपल्याच गतीने. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्या दिवसांतले हसू आणि रडू दोन्ही आठवत असेल. ज्यांनी वाचली नाहीत त्यांचा आम्हांला हेवा वाटतो, कारण तो आनंद त्यांच्यापुढे अजून शिल्लक आहे.

रमाबाईंच्या अखेरच्या कामाविषयी लिहिले की आमचे सांगणे झाले. मराठीत बायबल होते. पण ते पंडिती वळणाचे असून आपल्या 'मुक्ती'तल्या, दुष्काळातून आलेल्या, जेमतेम अक्षरे ओळखणाऱ्या बायकांना कळत नाही, हे त्यांना दिसत होते. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत होते त्या या पंडितेने मग उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून, साध्या मराठीत, संपूर्ण बायबल उतरविण्यास घेतले. कान मंद झालेले, प्रकृती खालावलेली, दीड हजार माणसांच्या पोटाची काळजी, आणि रोज काही ओव्या दळाव्यात तशी काही वचने. सुमारे अठरा वर्षे हे चालले. मराठीच्या शिक्षकाला यातले कष्ट थोडेफार समजू शकतात. जड शब्द सुचणे सोपे असते. 'दळणाऱ्या बाईला कळेल का?' हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारून सोपा शब्द शोधणे, हे काम माणसाला थकवून टाकते. त्यांच्या भाषांतराची मराठी सर्वत्र सारखीच उतरली आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि ते पुढे फारसे प्रचारातही राहिले नाही. पण आपल्या देवाशी आपल्याच बोलीत बोलता यावे म्हणून एका व्यक्तीने एवढे श्रम घेतल्याचे दुसरे उदाहरण मराठीत सहसा सापडणार नाही.

मनोरमा या कामात आणि 'मुक्ती'च्या साऱ्याच व्यापात आईचा उजवा हात होती. १९१२ मध्ये गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, शाळा काढण्यात आली तीही तिच्याच भरवशावर. आपल्यामागे हीच सर्व सांभाळील असे रमाबाईंनी धरले होते, आणि तिच्या प्रकृतीसाठी त्यांनी किती आळविले असेल ते सांगावयास नको. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. माता-पिता, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. या बाईने दारातून उठून जावयाचे ठरविले असते तर कोणी बोट दाखविले नसते.

त्या पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. शेवटचे काही फर्मे उरले असता प्रकृती फारच ढासळली, तेव्हा काम पुरे होण्यापुरते आणखी दहा दिवस त्यांनी देवाजवळ मागून घेतले, अशी आठवण सांगतात. ती अक्षरशः तशीच घडली असेल वा भक्तांनी तिला आकार दिला असेल. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा अंत झाला. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. तो केडगावातच, 'मुक्ती'च्या छापखान्यात छापला गेला. खिळे जुळविणे, छापणे, पाने दुमडणे, शिवणे ही सारी कामे तेथल्या मुली-बायाच करीत, आणि त्यांतल्या कित्येकींना रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणले होते.